मशीन बघून घेता, पेन कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या पेठेतल्या तालमीत मोफत साखर तपासणीचं शिबिर होतं. रांग दारापर्यंत. टेबलाशी बसलेला पोरगा हसतमुख, हातात मोजे, प्रत्येकाला सुई नवी घालत होता. पण ती सुई बसवून चाप ओढला की बोटाला टोचतं ते पेन मात्र सगळ्यांना एकच. माझी पाळी आली तेव्हा पेनाच्या टोपणाच्या कडेला वाळलेला तांबूस ठिपका दिसला. मी पिशवीतून माझं पेन काढलं आणि म्हटलं, "बाळा, ह्यानं टोच." तो म्हणाला, "काकू, सुई नवीच आहे की." मागून एक आवाज आला, "बायकांना लय शंका."

शंका नव्हती, माहिती होती. सुई बदलली तरी टोपण प्रत्येकाच्या बोटाला टेकतं आणि रक्त तिथंच लागतं. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून टोचायचं पेन एका माणसाचं एकच, अगदी नवरा-बायकोतसुद्धा वेगळं. अमेरिकेच्या आरोग्य खात्यांनी २०१० मध्येच तसं बजावून सांगितलं आहे. शिबिरासाठी एकदा टोचलं की सुई आपोआप आत जाणाऱ्या, वापरून टाकून द्यायच्या टोचण्या मिळतात. पेनाची गरजच नाही. हे त्या पोराला कुणी शिकवलं नाही, त्याचा काय दोष?

पण पत्र लिहिते आहे ते नुसतं शिबिरासाठी नाही. साखर मोजायचं मशीन घेताना आपण चार दुकानं फिरतो, रक्ताचा थेंब लावायच्या पट्टीचा भाव विचारतो, आठवणीत किती आकडे राहतात ते बघतो. खोक्यात जे पेन येतं त्याकडं कुणी बघतही नाही. आणि बोटाला रोज भेटणार ते पेन.

मी तेहतीस वर्षं शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-बिडिंग, अधूनमधून नऊवारी. सुया हा माझा पोटाचा धंदा, तरीही फसले. साखरेचं पहिलं मशीन घेतलं तेव्हा दुकानदारानं विचारलं, "सुया २८ नंबरच्या देऊ की ३०?" शिलाई मशीनला अकरा नंबर बारीक, रेशमाला, सोळा-अठरा जाड कापडाला. मी शहाणपणानं म्हटलं, "अठ्ठावीस द्या, बारीक." हातशिलाईच्या सुईचा हिशेब उलटा असतो, हे माहीत असूनही डोक्यात शिलाई मशीनच. टोचायच्या सुईतही उलटंच आहे: नंबर मोठा तशी सुई बारीक. २८ नंबर साधारण ०.३६ मिलिमीटर, ३० नंबर ०.३१, आणि ३३ त्याहून बारीक. खोक्यावर नंबर असतो तो मुंगीएवढ्या अक्षरात, 'जाड', 'बारीक' असं मराठीत कुठंच नाही.

मग वाटेल, ३३ घ्यावी आणि सुटावं. तेही जमलं नाही. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला सुईनं घट्टा पडलाय, त्यात ३३ ची सुई शिरते पण रक्त येत नाही. बोट पिळलं, पट्टीला लावलं, मशीननं चूक दाखवली, पट्टी फुकट. एक पट्टी मला वीस रुपयांच्या आसपास पडते; एवढ्यात एक हूकपट्टी लावून होते. शिवाय पिळून काढलेल्या थेंबात रक्ताबरोबर अंगातलं पाणीही येतं, आकड्याचा भरवसा राहत नाही. आता ३० नंबरची सुई, मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या कडेला, अगदी टोकावर नाही. टोकाला दुखतं जास्त, आणि तिथंच मला कापड चाचपायचं असतं. नव्या पट्ट्यांना रक्त लागतंच किती? खसखशीच्या दाण्याएवढं.

सुईइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती किती खोल जाते. चांगल्या पेनाचं टोपण फिरवलं की आकडे सरकतात. काहींत पाचच टप्पे, अ‍ॅक्यू-चेकच्या सॉफ्टक्लिक्स नावाच्या पेनाला अकरा. माझ्या पहिल्या पेनाचं टोपण ढिलं होतं. दोनवर ठेवलं की चाप ओढेपर्यंत आपोआप चारवर. पहिल्याच आठवड्यात बोट हिरवंनिळं झालं आणि मी तपासणं सोडून दिलं, चांगले पाच महिने. डॉक्टर ओरडले तेव्हा म्हणाले, "साखर कंटाळ्यानं नाही, दुखण्यानं तपासत नाही लोक." कंपनीचं नाव घेत नाही, पण दुकानातच टोपण फिरवून, चाप ओढून बघितलं असतं तर कळलं असतं. साडीचा पदर उलगडून बघतो की नाही आपण?

आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, गोष्ट निराळी. त्यांचा उजवा हात थरथरतो, चष्मा जाड. सुईवरची प्लास्टिकची बोंडी पिरगाळून काढायची म्हणजे त्यांना अर्धा तास, आणि दोनदा सुई फरशीवर. सहा सुया एकाच डबीत बंद असणारं पेनही निघालंय, सुई दिसतही नाही, खटका सरकवला की पुढची तयार. फास्टक्लिक्स त्याचं नाव. मुलीनं पुण्याहून पाठवलं. थरथरत्या हाताला असलं पेन बरं. मात्र घ्यायच्या आधी एक विचारावं: ह्याच्या सुया आपल्या गावात मिळतील का? साधी गोल सुई बऱ्याच पेनांत बसते, काही पेनांना मात्र त्यांचीच लागते. आमच्या दोघांच्या पेनांना मी दोऱ्याचे वेढे दिलेत, त्यांच्याला लाल, माझ्याला हिरवा. अदलाबदल नाही.

एक कबुली देऊन टाकते. मीसुद्धा एकच सुई पंधरा-पंधरा दिवस चालवली आहे. बोथट सुईनं रेशीम शिवलं तर धागा ओढला जातो हे गिऱ्हाइकाला सांगणारी मी, स्वतःच्या बोटाला तेच करत होते. आता रोज नवी. आणि हात धुऊन, पुसून मगच. एकदा गुळाची ढेप फोडून तशीच बसले तर मशीननं ३१२ दाखवलं. धुऊन पुन्हा टोचलं तर १४८. त्या गुळापायी एका बोटाला दोनदा भोगावं लागलं.

वापरलेल्या सुया घंटागाडीच्या कचऱ्यात सुट्या टाकू नका, ताईंच्या हाताला लागतात. २०१६ च्या घनकचरा नियमांतच वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. आम्ही शिलाईवाले मोडकी सुई डबीत टाकतोच. लोणच्याची जाड बरणी घ्या, झाकण घट्ट लावा, वर 'सुया' लिहा.

देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचं २०२३ मध्ये छापून आलं होतं. तुमच्या आरोग्य पानावर मेथीचे दाणे आणि कारल्याचा रस दर महिन्याला असतो. एकदा सुयांचे नंबर, टोपणावरचे आकडे आणि बोटाची कड हे चित्रासकट, मोठ्या अक्षरात छापा. शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनीही ते वाचावं. चित्र काढायला कुणाला पेन उलगडून बघायचं असेल तर दुपारी दोन ते चार यावं, तेव्हा शिलाई मशीन बंद असतं.

– एक शिलाईवाली, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये. मी नाव न घेतलेल्या दुकानाचा मालक माझं गिऱ्हाईक आहे.)