कव्हर चुकलंय, ३०० प्रती परत घ्या आणि नीट छापून द्या

नमस्कार,

मी गोव्यातल्या वाळपईहून लिहितेय. तुमच्याकडे माझ्या पुस्तकाचं कव्हर आणि छपाई असं पूर्ण पॅकेज घेतलं होतं, १२८ पानं, ३०० प्रती, पैसे सगळे आगाऊ भरलेत. काल पार्सल आलं, खोका उघडला आणि मला रडूच आलं.

पुस्तक आमच्या सत्तरी तालुक्यातल्या धालोंच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, गाण्यांचं आहे. पौषात बायका रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, जमतात, समोरासमोर दोन रांगा करून वाकत वाकत गातात, ती गाणी सासूबाईंच्या आणि वाड्यावरच्या बायकांच्या तोंडून मी सहा वर्षं बसून उतरवून घेतली. आणि कव्हरवर काय, तर बीच, माड आणि मावळता सूर्य! अहो, सत्तरी तालुक्याला समुद्रच नाही. पहिलं प्रूफ बघूनच मी हे सांगितलं होतं, मांडाचा फोटो मेल केला होता, तेव्हा तुमच्या माणसाने "बदलून दुसरं प्रूफ पाठवतो" असं लिहिलंय, मेसेज आहेत माझ्याकडे. ते प्रूफ आलंच नाही, थेट छापून मोकळे झालात. शेजारच्या मावशींची अकरा गाणी आहेत आत, त्यांना पुस्तक हातात दिलं तर कव्हर बघून म्हणाल्या, "हें आमचें न्हय गे."

नावाचं तर विचारूच नका. 'मांडावरच्या रात्री' मधला 'च्या' आणि 'त्री' दोन्ही फुटलेत, पाय मोडलेला च वेगळा, या वेगळा. प्रूफमध्ये अक्षरं बरोबर होती, म्हणजे प्रेसला फाइल देताना टेक्स्ट कर्व्ह केलं नाही, म्हणजे अक्षरांचे आकार पक्के केले नाहीत, आणि तिथल्या मशीनवर फॉन्ट नव्हता, एवढं मलाही आता कळतं. मराठी कव्हर करणाऱ्याने जोडाक्षर एकदा डोळ्यांनी बघायला नको?

स्पाइन, म्हणजे पुस्तकाचा कणा, तोही चुकलाय. १२८ पानं म्हणजे ६४ कागद, ८० जीएसएम वजनाच्या कागदाला जाडी जेमतेम ६-७ मिलिमीटर, तुम्ही त्याच्या दुप्पट धरलीय, त्यामुळे स्पाइनवरचं नाव अर्धं पुढच्या बाजूला वळलंय. लायब्ररीच्या कपाटात उभं ठेवलं तर नाव वाचताच येणार नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, "मॅडम, आतला मजकूर तर ठीक आहे ना." मजकुरापर्यंत कोणी पोचलं तर ना! माझ्यामागे प्रकाशक नाही, माझं नाव कोणी ऐकलेलं नाही, ऑनलाइन बघणाऱ्याला मोबाइलवर नखाएवढं चित्र दिसतं आणि त्यावरच तो ठरवतो उघडायचं की पुढे जायचं. बीच बघून धालो शोधणारा येणार नाही, आणि फिरायला आलेला माणूस गोव्याची माहिती म्हणून घेईल आणि आत गाणी बघून चिडेल. मोठ्या लेखकाचं साधं कव्हरही चालून जातं, आमचं नाही चालत.

मला मांडाच्या फोटोवरून नवीन कव्हर हवंय, खऱ्या कागदावर छापलेलं प्रूफ हवंय, मी सही केल्यावरच ३०० प्रती पुन्हा छापायच्या, खर्च तुमचा, आणि या प्रती तुम्हीच उचलून न्यायच्या. कव्हरची ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशी मूळ फाइलही द्या, ती पॅकेजमध्ये लिहिलेली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक आयोगाकडे जाणार. पौषाआधी पुस्तक मांडावर न्यायचंय मला, सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत.

फोटो, बिल आणि मेसेज सोबत जोडलेत.

तुमची ग्राहक,
वाळपई, सत्तरी