पाच वर्षांतले दोन महिने मुद्देमाल खोलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्या घरात एकच चर्चा आहे. नातीला गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम करायचा आहे, म्हणजे बी.एस्सी. आणि एम.एस्सी. एका दमात. सूनबाईंचे म्हणणे, आधी साधी पदवी होऊ दे, पुढचे पुढे. मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली अकरा वर्षे मुद्देमाल कारकून होतो, म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारा. त्यामुळे या वादात मलाही मत आहे.

माझे मत नातीच्या बाजूने. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 नुसार, सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. खून-बलात्कार तर आलेच, पण चोरीसाठी केलेली रात्रीची घरफोडीही यात बसते. किती माणसे लागतील, हे कोणत्याही ठाणे अंमलदाराला विचारा. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे 2024 मध्ये असल्या जोड अभ्यासक्रमाला बसलेली मुले 2029 मध्ये बाहेर पडतील, नेमकी मुदत संपताना. आता विद्यापीठ नागपुरातही आले आहे, हे चांगलेच झाले.

तक्रार वेगळी आहे. नातीने मोबाइलवर विषयांची यादी दाखवली. डीएनए, विषशास्त्र, सायबर, सगळे आहे. पण पुरावा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी जिथे मरतो, त्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ही मुले किती दिवस बसणार, ते मला त्या यादीत सापडले नाही.

एक प्रसंग सांगतो. खुनाच्या गुन्ह्यात जप्त केलेला शर्ट ओला होता. तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा असतो. आम्ही तो तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घातला, लाखेचे सील मारले, पंचांच्या सह्यांचे लेबल लावले. कॅरिअर म्हणून तो प्रयोगशाळेत न्यायला शिपाई मिळायला एकोणीस दिवस गेले, तेव्हा बंदोबस्त होता. सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या केमिकल ॲनालायझरचा अहवाल आला: रक्तगट ठरवता आला नाही. कपड्याला बुरशी लागली होती. कोर्टात बचावाच्या वकिलांनी मला एवढेच विचारले, ‘‘हवालदार, एवढे दिवस पुडके कुठे होते? रजिस्टरला नोंद दाखवा.’’ नोंद होती, पण आवक तारखेत खाडाखोड होती. ती पिशवी बांधणारा मीच. कपडा कशात बांधायचा हे मला कुणी शिकवले नव्हते, आणि मीही कुणाला विचारले नव्हते.

म्हणून सुचवावेसे वाटते की या पाच वर्षांतले निदान दोन महिने विद्यार्थ्यांना तालुक्याच्या पोलीस ठाण्यात पाठवावे. तिथे त्यांनी पंचनामा मराठीत स्वतःच्या हाताने लिहावा, सीलचा नमुना जोडावा, रजिस्टर भरावे, कॅरिअरबरोबर एसटीने प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोच आणावी. आणखी पंधरा दिवस सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसावे. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल बहुतेक वेळा त्याला न बोलावताच वाचला जातो हे खरे. पण बोलावणे आलेच तर इंग्रजीत शिकलेले शास्त्र मराठीत सांगावे लागते, आणि समोरचा वकील घाईत नसतो. (जेवणाच्या सुट्टीआधी तर मुळीच नाही.)

पोलीस ठाणी नको म्हणतील, जागा नाही म्हणून. आमच्या खोलीत दोन पुडकी ठेवायला जागा नव्हती, हे मी जाणतो. पण ही मुले महिनाभर रजिस्टर सांभाळायला बसली, तर कारकुनाला हवीच आहेत. निकाली गुन्ह्यांच्या मुद्देमालाची विल्हेवाट मी असताना वर्षानुवर्षे तुंबलेली असे, ती त्यांच्या हाताने मार्गी लागेल.

परवा नातीला लाख वितळवून सील कसे मारतात ते दाखवले. पहिल्यांदा बोट भाजले, दुसऱ्यांदा ठसा अर्धाच उठला. तिसरा बरा आला. तिच्या आईने तो फ्रिजवर ठेवला आहे, फॉर्म अजून भरलेला नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार, वाई