आतून धुण्याचा सल्ला थांबवा

संपादक महोदय,

पांढरे जाते म्हटले की सांगली-मिरजेतल्या मेडिकल दुकानात 'वॉश'ची बाटली पुढे केली जाते. खेड्यात तेच काम साबण किंवा बादलीत टाकलेले जंतुनाशक करते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. आतून धुण्याने मात्र अंगचे संरक्षणच वाहून जाते.

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. त्यातून मिळणाऱ्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ राखतात. या आम्लात एचआयव्ही निष्प्रभ होतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १०. तो रोज आत गेला की लॅक्टोबॅसिलस घटतात, दुसरे जिवाणू माजतात, माशासारखा वास येतो. वासामुळे बाई आणखी धुते.

विषाणू मारणारे औषध आत लावले की झाले, हा समजही धोक्याचा. नॉनऑक्सिनॉल-९ हे जेल प्रयोगशाळेत एचआयव्हीला मारत असे. आफ्रिका व थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधील चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले, तेव्हा दिवसातून अनेकदा ते वापरणाऱ्यांत लागण उलट वाढलेली निघाली. जेल अस्तरालाच इजा करत होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणूसुद्धा अशाच बारीक खरचटीतून तळच्या पेशींपर्यंत पोचतो. अर्थात अंगच्या संरक्षणावर विसंबून निरोध सोडायचा नाही, आणि तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणीही टाळायची नाही.

ऊसतोडीच्या हंगामात वाळवा, पलूस भागात टोळ्या उतरतात. तिथल्या बायकांना आडोसा मिळत नाही, पाणी मोजके. आशाताईंनी फडावर जाऊन आतून धुऊ नका हे सांगावे आणि प्रत्येक उपकेंद्रात पीएच पट्टी ठेवावी, अशी आमची मागणी आहे. खर्च किरकोळ आहे. पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला टेकवायची. गर्भाशयमुखाचा स्राव लागला तर आकडा चुकीचा वर जातो. पाळीत किंवा संबंधांनंतर लगेच तपासू नये, कारण रक्त आणि वीर्य दोन्ही आम्ल मारतात. पीएच ४.५ च्या वर गेला तर बाईला डॉक्टरकडे पाठवावे. तो ४.५ च्या आत असून खाज व दह्यासारखा स्राव असेल तर बहुधा बुरशी, तिचे औषध वेगळे. पाळी गेलेल्या बाईचा पीएच इस्ट्रोजेन घटल्याने एरवीही चढलेला असतो. तिच्या बाबतीत नुसत्या पट्टीवरून काही ठरवू नये.

— स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज