नुसत्या कार्यक्षमतेचा आकडा अपुरा

महोदय,

धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) वापरून केलेल्या सौरघटांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार. मात्र त्यात कार्यक्षमता, म्हणजे घटावर पडलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेपैकी किती टक्क्यांची वीज होते ते, ज्या रीतीने सांगितली आहे, तिला माझा आक्षेप आहे. घट केवढा होता आणि तो किती वेळ तपासला, याचा लेखात कुठेच उल्लेख नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांची पेस्ट काचेवर पसरून साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसला भाजली, की कण एकमेकांना चिकटून सच्छिद्र थर तयार होतो. ओरेगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी 1991 मध्ये अशाच थरावर प्रकाश शोषणारे रंगद्रव्य चढवून सात टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवली. गफलत होते ती मोजमापात. प्रयोगशाळेतला घट बहुधा नखाएवढा असतो. त्यावर नेमक्या मापाचे छिद्र असलेला काळा मास्क ठेवला नाही, तर कडेने शिरलेला प्रकाशही वीज देतो. भागाकार मात्र घटाच्या छोट्या क्षेत्रफळानेच होतो आणि आकडा फुगतो.

टिकाऊपणाचे तेच. छपरावरच्या सिलिकॉनच्या सौरपॅनेलच्या प्रमाणित चाचणीत 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास काढावे लागतात. त्यामानाने चाचणीचा वेळही न सांगता लेखाला ‘सिलिकॉनला पर्याय’ असा मथळा देणे घाईचे आहे, आणि कसून मोजणाऱ्या संशोधकांवर अन्यायाचेही. यापुढे अशा प्रत्येक बातमीत क्षेत्रफळ आणि चाचणीचे तास जरूर छापावेत, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षक