सरांच्या मोडी लिपीतल्या वह्या कुणाच्या हाती द्यायच्या?

महोदय,

कोकणातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. तत्त्वज्ञानाला मुलं मिळेनात म्हणून तो विषय बंद झाला, आणि वर्षभरात त्या कपाटातल्या पुस्तकांवर 'निर्लेखित', म्हणजे नोंदीतून बाद, असा शिक्का बसला. शिक्का मीच मारला. एका पुस्तकाच्या समासात आमच्या सरांच्या पेन्सिलीचं अक्षर होतं: 'लाट कशामुळे येते ते नंतर. आधी ती मला दिसते कशी?' तेही रद्दीच्या गोणीत गेलं.

सर फिनॉमिनॉलॉजी शिकवत. अनुभव जसा येतो तसाच आधी नीट न्याहाळायचा, असं सांगत. या विचाराचे प्रवर्तक एडमुंड हुसेर्ल १९३८ मध्ये फ्रायबर्गला वारले. जन्माने ज्यू, आणि सत्ता नाझींची. मागे राहिली लघुलिपीतली सुमारे ४०,००० पानं. फान ब्रेडा या तरुण बेल्जियन धर्मगुरूंनी ती, हुसेर्ल यांच्या ग्रंथसंग्रहासह, बेल्जियममधल्या लूव्हेनला सुखरूप पोहोचवली. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची पुढची दृष्टी. ती लघुलिपी वाचता येणारे हुसेर्ल यांचे दोन साहाय्यक, फिंक आणि लांडग्रेबे, यांनाही त्यांनी लूव्हेनला बोलावून घेतलं. म्हणून तर १९५० पासून त्या पानांचे खंड निघू शकले. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातही १९८० पासून या विषयाचं केंद्र आणि ग्रंथसंग्रह आहे.

आमचे सर टिपणं मोडीत लिहीत, हात भरभर चालतो म्हणून. ते गेल्यावर काकूंनी माळ्यावरची ट्रंक काढून दाखवली. वरच्या वह्या धड होत्या. तळच्या दोन दमट हवेने चिकटून पार वडी झालेल्या. पान उलटायला गेले तर कोपरा बोटांत आला. "कुणाला देऊ गं या?" काकूंनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून आहे, तेव्हा ग्रंथांची कदर आपल्याला नवी नाही. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्रही इथेच आहे. तिथे अशा वह्यांसाठी एक कोरडी खोली, एक स्कॅनर आणि मोडी वाचणारी दोन माणसं नेमावीत. मानधनावर नव्हे, पगारावर. नुसत्या वह्या जमवल्या आणि वाचणारा नसला, तर ट्रंक माळ्यावरून खोलीत आली एवढंच होईल.

काकूंची ट्रंक सध्या माझ्या माजघरात आहे. पावसाळ्याआधी कळवलंत तर मी स्वतः आणून देईन.

— एक निवृत्त ग्रंथपाल, रत्नागिरी