मा. नगरविकास मंत्र्यांस खुले पत्र : आमच्या मैलाशुद्धीकरण केंद्राला वीज कधी मिळणार?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वळवाच्या पहिल्याच सरीत आमच्या मैलाशुद्धीकरण केंद्राचा 11 केव्हीचा फीडर (उपकेंद्रातून वीज आणणारी वाहिनी) बंद पडला आणि वीज परत येईपर्यंत साऱ्या शहराचा मैला, कोणतीही प्रक्रिया न होता, केंद्रामागच्या ओढ्यात सोडण्यात आला. त्याच ओढ्याकाठी माझे घर आणि विहीर आहे. केंद्रासाठी स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर (वाटेत इतर कुणाला वीज न देणारी वाहिनी) व दुसरे रोहित्र मार्चअखेर बसेल, असा शब्द नगरपालिकेने आम्हा रहिवाशांना भर बैठकीत दिला होता. मार्च उलटला, रोहित्रासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर सध्या कुत्री झोपतात.

आपल्या खात्याला हे सांगावे लागू नये, तरी सांगतो. या केंद्रातले मैला पचवणारे जिवाणू ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांच्या, हवेवर जगतात. हवा काही तास थांबली की ते मरू लागतात, टाकीतले पाणी कुजते आणि वीज आल्यावरही प्रक्रियेची घडी बसायला कित्येक दिवस जातात. वीज तीन तास गेली तर नोंदवहीत तीनच तास लिहिले जातात, हिशेब मात्र ओढ्याला आठवडाभर चुकवावा लागतो. आमच्या केंद्राला वीज येते ती आसपासच्या खेड्यांच्या सामाईक फीडरवरून, त्यामुळे कुठल्याशा शिवारात तारेवर फांदी पडली तरी इथले मैलापंप थांबतात. जनरेटर आहे, पण त्याची ताकद दिवे आणि कार्यालयातला पंखा चालवण्यापुरती. साहेबांना घाम येत नाही, एवढे तरी समाधान.

कुजलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे करतो. केंद्रातल्या वीज पॅनेलचे दार उघडून तिथल्या तंत्रज्ञाने मला आतल्या तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या, त्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. म्हणजे विजेअभावी जो वायू तयार होतो, तोच उरलीसुरली वीजयंत्रणाही खातो. माझ्या देवघरातल्या ताम्हनाची गत वेगळी नाही. चिंच लावून घासावे, तर दोन दिवसांत पुन्हा काळवंडते. विहिरीचे पाणी भांड्यालासुद्धा वापरवत नाही, प्यायला जार विकत आणतो. पत्नीच्या हातापायांची खाज औषधाने थांबत नाही, नातवंडे सुट्टीत यायला तयार नाहीत आणि घर विकायला काढले तर गिऱ्हाईक फाटकातूनच नाकाला रुमाल लावून परत जाते. मलनिस्सारण कराची पावती मात्र न चुकता येते.

महोदय, हे एका गावाचे रडगाणे असते तर मीही गप्प बसलो असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, उभारलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते 20,236 दशलक्ष लिटरवर. बांधलेली केंद्रेसुद्धा पुरती चालत नाहीत, याला आमच्याइतका जिवंत पुरावा दुसरा कुठला हवा? घनकचरा आणि सांडपाण्याच्या हलगर्जीबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2022 मध्ये आपल्याच राज्याला 12,000 कोटी रुपयांची भरपाई ठोठावली होती. तेवढ्या पैशांत किती एक्स्प्रेस फीडर झाले असते, हे आपल्या सचिवांना विचारावे. पण टाकीचे लोकार्पण करता येते, कोनशिला बसवता येते. फीडरच्या खांबावर नाव कोण कोरणार? म्हणून केंद्रे बांधायला निधी मिळतो आणि वीजजोडणीची फाइल नगरपालिका आणि वीज कंपनी यांच्यात चेंडूसारखी फिरत राहते. एक म्हणते अंदाजपत्रक मिळाले नाही, दुसरी म्हणते पैसे भरलेले नाहीत.

तेव्हा मागणी एवढीच: केंद्राला उपकेंद्रातून स्वतंत्र फीडर द्यावा, दुसऱ्या उपकेंद्रातून पर्यायी पुरवठा जोडावा, ब्लोअर आणि मैलापंप दोन्ही पेलेल असा जनरेटर बसवावा आणि सडलेली पॅनेले बदलावीत. वीज कंपनीकडे रक्कम भरली आहे की नाही आणि नसल्यास फाइल कोणाच्या टेबलावर आहे, हे पावसाळा सुरू होण्याआधी लेखी कळवावे. "कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर पाठवू नये; ते माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
ओढ्याकाठचा एक करदाता