चिंचोके, चिमटे अन् जुनी ताटं पाहिजेत, आपल्या अंगणवाडीच्या लेकरांसाठी

नमस्कार मंडळी, गावातल्या अन् गाव सोडून नागपूर-पुण्याला गेलेल्या सगळ्यांनाच. वाचनालयाकडून हा मेसेज आहे, लेकरांची बोटं लिहिण्याआधी तयार व्हावी म्हणून संध्याकाळी एक तास सुरू करतोय त्यासाठी. थोडा लांब झालाय पण पूर्ण वाचा, कारण पैसे कमी मागून राहिलो अन् घरातलं भंगार जास्त.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. वाचनालयात संध्याकाळी एक साडेचार वर्षांची पोरगी आजीसोबत यायची. पुढ्यात चाररेघी वही, अ गिरवायचा. पेन्सिल अशी मुठीत धरलेली जशी खलबत्त्यातली मुसळी, जोर एवढा की पान फाटलं, टोक मोडलं, मग रडारड. आजी म्हणे, "हिले काही जमतच नाही बाप्पा." अन् पंधरा मिनिटांनी तीच पोरगी ओट्यावर बसून आजीच्या ओटीतल्या कापसातून सरकी काढत होती, एकेक, अंगठा, त्याच्या बाजूचं बोट अन् मधलं बोट जुळवून, एकदम शांत. पेन्सिल धरायलाही हीच तीन बोटं लागतात ना! पोरगी ढ नव्हती, आपणच उलट्या टोकाकडून सुरू केलं होतं. (लेकरांना कापूस वेचायला पाठवा असं कोणी वाचू नका, ओट्यावरच्या मूठभर कापसाची गोष्ट आहे.)

मनगटात ८ लहान लहान हाडं असतात, जन्मतः ती कुर्चेसारखी मऊ असतात अन् वर्षागणिक एकेक करून टणक होतात. लेकरू साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, त्रिकोण यायला पाचवं उजाडतं, कोणाचं मागंपुढं होतं ते चालायचंच. आता ज्याला त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून क्ष अन् ज्ञ कसा काढून घेणार तुम्ही? पण तालुक्याच्या शाळेत शेजारचं पोरगं रोज पानभर लिहून आणतं म्हणून आपल्याकडंही मायबापाला घाई सुटलीय, अन् अंगणवाडीतल्या ताईंना ऐकावं लागतं की तुम्ही नुसतं खेळवता. इथून सेवाग्राम काही फार लांब नाही. गांधीजींचं स्वतःचं अक्षर खराब होतं, त्याची खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलीय अन् उपायही सांगितलाय: लेकरं फुलं अन् पाखरं ओळखतात तसं अक्षर आधी नजरेनं ओळखू द्या, चित्र काढायला शिकवा, लिहिणं त्यानंतर.

तर ताईंशी बोलून ठरवलंय, तान्हा पोळा झाला की दुसऱ्या दिवसापासून वाचनालयाच्या ओसरीत संध्याकाळी एक तास, अंगणवाडीतल्या ३ ते ६ वर्षांच्या ३४ लेकरांसाठी. वही नाही. आधी काळ्या मातीचे बैल, कारण माती मळताना बोटात जी ताकद येते ती कशानंच येत नाही. मग ताटात रेती पसरून बोटानं उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल, गोल. एवढं जमलं की ट अन् ठ आपोआपच येतो, ग, म, न मध्ये तर उभी दांडीच आहे, मुळाक्षरांच्या ओळीनं अ पासूनच गेलं पाहिजे असं काही नाही. मग खडूनं फरशीवर ग काढायचा अन् त्यावर चिंचोके ओळीनं मांडायचे, मग पाटी, अन् पेन्सिल सगळ्यात शेवटी.

यासाठी घरात पडलेलं काय काय चालेल: काठ असलेली जुनी स्टीलची ताटं, चिंचोके, कपड्यांचे चिमटे (बोटांना चांगला व्यायाम होतो), जुने पेपर फाडायला, तुटलेल्या माळांचे मोठे मणी, नाडी, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. सरकी द्यायची असेल तर घरच्या कापसातलीच द्या. पेरणीतून उरलेलं पाकिटातलं बियाणं अजिबात आणू नका, त्याला औषध लावलेलं असतं. फवारणीच्या डब्यांची झाकणंही नकोत, कितीही धुतली तरी नकोत. अन् गुंजा, एरंडीच्या बिया दिसायला छान असतात पण विषारी आहेत, त्या ओसरीच्या जवळपासही नको. बारीक वस्तू लेकरं नाकात-कानात घालतात, म्हणून दर सहा लेकरांमागं एक मोठं माणूस बसलं पाहिजे. हीच खरी अडचण आहे. सध्या तीनच जणी तयार आहेत, अजून तीन जण लागतात, आज्या-आजोबा असले तर सगळ्यात बरं, त्यांना घाई नसते.

आता पैशाचं. सुतारभाऊ उरलेल्या सागाच्या फळ्यांवर अक्षर खोदून देणार आहेत, म्हणजे त्या खाचेतून बोट फिरवता येईल. ४० रुपये अक्षर, २० अक्षरांचे दोन सेट, १६०० झाले. पाट्या ३४, पन्नासच्या हिशोबानं १७००. बोथट कात्र्या १५, त्याचे ४५०. जाडे खडू अन् सटरफटर ५००. एकूण ४२५०. वाचनालयाच्या गल्ल्यात १३०० आहेत, म्हणजे २९५० कमी पडून राहिले. कोणी एकट्यानं सगळे देऊ नका, पन्नास-शंभर पुष्कळ झाले, पावती मिळेल अन् हिशोब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. बाहेरगावच्यांनी पोळ्याला येताना दिले तरी चालेल.

सामान वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ आणून द्या, पाऊस असला तर बाजूच्या पिठाच्या गिरणीत ठेवा, तिथं सांगून ठेवलंय. रेतीची एक घमेलं सोय झाली आहे पण खडे फार आहेत, बारीक चाळणी कोणाकडं असेल तर दोन दिवसांसाठी पाहिजे.